देखावा आणि वहिवाट : गोंदिया जिल्ह्यातील तलावप्रदेशाच्या निमित्ताने निसर्गसौंदर्याचा विचार

मराठी कवितेवरील बहुतेक प्रबंधांत ‘निसर्गचित्रण’ या नावाचे एक प्रकरण असते. त्यात उपमा-उत्प्रेक्षा मोजलेल्या असतात, ऋतूंची यादी दिलेली असते आणि कवीचे निसर्गप्रेम सिद्ध झाल्याचे अखेरीस नोंदविलेले असते. निसर्ग सुंदर असतो ही गोष्ट मात्र त्या प्रकरणात गृहीतच धरलेली असते. तो कोणाला सुंदर वाटतो, कोठे उभे राहून पाहिल्यावर वाटतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात वाटतो, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचे नव्हेत अशीच एकंदर समजूत दिसते. वस्तुतः ते त्याचेच प्रश्न आहेत. भूप्रदेश आणि त्याचे सौंदर्य यांच्यामध्ये भाषा उभी असते, आणि भाषा ही पाहणाऱ्याच्या वहिवाटीतून घडते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्यातील तलावांचा आणि रानांचा प्रदेश समोर ठेवून या प्रश्नाची मांडणी केली आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीच नवेगावबांध आणि नागझिरा ही दोन नावे मराठी वाचकाच्या परिचयाची झालेली होती. नागझिऱ्यास १९७० मध्ये अभयारण्याचा आणि नवेगावास १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१३ च्या अखेरीस दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु वाचकाच्या मनातील नवेगाव-नागझिरा राजपत्रातून आलेले नाहीत. ते मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या गद्यातून आलेले आहेत. एखाद्या भूप्रदेशाचे सौंदर्य साहित्यातून कसे घडते आणि त्या घडणीत काय निसटते, हे पाहण्यास याहून योग्य उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

१

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. ‘निसर्ग’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ फार जुना नाही. संस्कृतात निसर्ग म्हणजे स्वभाव, मूळची प्रकृती; ‘निसर्गतः’ या क्रियाविशेषणात तो अर्थ अजून टिकून आहे. माणसाच्या बाहेर पसरलेले, त्याने दुरून पाहावे असे डोंगर, पाणी आणि झाडी हा अर्थ आधुनिक मराठीत इंग्रजी शिक्षणाच्या संस्काराने स्थिरावला. जुन्या काव्यशास्त्रात चंद्रोदय, वसंत, उपवन ही सामग्री प्रामुख्याने उद्दीपन विभाव म्हणून येते. रसाचे आलंबन होण्याचा मान तिला सहसा मिळत नाही. निसर्गदृश्य स्वतःच आलंबन होऊ शकते, असा आग्रह हिंदी समीक्षक आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी धरला, ही गोष्ट आपल्याकडे जितकी चर्चिली जावी तितकी चर्चिली गेली नाही.

उलट बोलीतील शब्द पाहिले म्हणजे वेगळे चित्र दिसते. ‘डोळे निवणे’, ‘डोळ्यांचे पारणे फिटणे’, ‘पीक डोळ्यांत भरणे’ हे वाक्प्रचार सौंदर्याच्या अनुभवाचेच आहेत. पण त्यांत पाहणे हे उपवासानंतरच्या अन्नाशी, उन्हानंतरच्या गारव्याशी जोडलेले आहे. विदर्भातील बोलींत ‘साजरा’ हा शब्द चांगल्यालाही लागतो आणि देखण्यालाही लागतो. साजरे पीक, साजरा माणूस, साजरे पाणी. येथे ‘चांगले’ आणि ‘सुंदर’ यांची फारकत झालेली नाही. प्रमाण मराठीत ती झाली, आणि आपले सौंदर्यशास्त्र प्रमाण मराठीत लिहिले गेले.

या सौंदर्यशास्त्राचा वारसा परिचित आहे. इ. स. १७९० च्या ग्रंथात कांटने सौंदर्यविधानाची जी चिकित्सा केली तिचे पहिले सूत्र असे की, सौंदर्याचा आनंद हा हितसंबंधनिरपेक्ष असतो. वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही, ती आपल्या मालकीची असावी की नसावी, याची चिंता त्यात नसते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी स्वायत्त मांडणी केली, तिचीही प्रवृत्ती लौकिक प्रयोजन दूर ठेवण्याचीच आहे. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात या प्रवृत्तीला अलौकिकतावादी ध्रुव असे स्थान दिले आणि तिच्यासमोर लौकिकतावादी ध्रुवही तितकाच खरा मानला. पाटणकरांची चर्चा मुख्यतः कलाकृतींच्या संदर्भातील आहे. परंतु हे द्वंद्व जितके तीव्रतेने निसर्गाच्या बाबतीत जाणवते तितके ते कलेच्या बाबतीतही जाणवत नाही. चित्र हे पाहण्यासाठीच काढलेले असते. तलाव पाहण्यासाठी खोदलेला नसतो.

२

नवेगावबांधचा तलाव हे या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध निसर्गदृश्य होय. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती डोंगर, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी. पर्यटकासाठी लिहिलेल्या पुस्तिकांत ‘निसर्गरम्य’ हे विशेषण त्यास हमखास लागते. पण हा तलाव निसर्गाने केलेला नाही. परंपरा सांगते की, अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील नावाच्या कोहळी माणसाने तो बांधला. पुढे हा कोलू पाटील कोलासुर म्हणून पूजिला जाऊ लागला, आणि भोवतालच्या डोंगरशिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणू लागले; त्यांनी बांध घालण्यास मदत केली अशी कथा आहे. नावातील ‘बांध’ हा शब्दच सर्व काही सांगतो, परंतु दृश्याच्या मोहात तो ऐकू येत नाही.

कोहळी हा तलाव बांधणारा आणि ऊस पिकविणारा समाज. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले अशी आख्यायिका आहे. जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखालील जमीन मिळावी, अशी गोंड राजवटीची रीत सांगितली जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मध्यप्रांतातील मालगुजारी १९५०-५१ मध्ये संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे ‘मामा तलाव’ असे मजेदार संक्षिप्त रूप सरकारी कागदांतून लोकांच्या तोंडी रुळले. मालगुजारी ही काही आदर्श व्यवस्था नव्हती. तीत वेठ होती, पाण्यावरचा वरचष्मा होता. तथापि पाळीची डागडुजी, तुडुमातून पाणी सोडण्याची पाळीपाळीची व्यवस्था आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या काळी गावात ठरलेले होते.

या पार्श्वभूमीवर तलावाचे सौंदर्य कोण कसे पाहतो, हे तपासले पाहिजे. पाळीवर उभा राहणारा पाहुणा क्षितिज पाहतो; त्याला सायंकाळचे पाणी आणि त्यातले डोंगराचे प्रतिबिंब दिसते. मर्ढेकरांच्या परिभाषेत, पाण्याचे सपाट आणि डोंगराचे उभे यांतील विरोधलय त्याला जाणवते. धान पिकविणाऱ्याला तोच तलाव आश्विनात दिसतो. हलके धान तोवर निघण्याच्या बेतात असते. भारी धानाला मात्र अजून एक-दोन पाणी हवे असते, आणि पाऊस गेलेला असतो. अशा वेळी पाळीवर चढून, पाणी तुडुमाच्या किती वर आहे हे पाहणारा माणूसही तलावाकडेच पाहत असतो. त्याच्या पाहण्यात सौंदर्य नसते, केवळ हिशेब असतो, असे मानणे ही आपल्या शास्त्राची सवय आहे. भरलेला तलाव पाहून त्याचे डोळे निवतात. हे निवणे हिशेबातून उगवते, पण हिशेबापाशी संपत नाही. संपत असते तर कोलू पाटलाचा देव झाला नसता आणि डोंगरांना बहिणी म्हणावेसे वाटले नसते.

झाडीपट्टीतील ऋतूंची गोष्टही अशीच आहे. पाहुण्याचा ऋतू म्हणजे हिवाळा. चैत्रात पानगळीचे रान त्याला भकास वाटते. त्याच रानात पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणाऱ्या बाईचा तो भरलेला ऋतू असतो. श्रावणातील रोवणीच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या बांध्यांमधून पऱ्ह्यांच्या पेंढ्या हातोहात फिरतात आणि सगळा मुलूख पोपटी होतो, तेव्हा पर्यटक फारसा फिरकत नाही. व्याघ्रप्रकल्पही पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो. म्हणजे ज्याला आपण या जिल्ह्याचे ‘निसर्गसौंदर्य’ म्हणतो ते वर्षाच्या निम्म्याहून कमी काळाचे आणि पाळीवरून दिसणाऱ्या दृश्याचे सौंदर्य आहे.

३

येथे साहित्याकडे वळले पाहिजे. माडगूळकर माणदेशचे; उघड्या माळाचे, पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखाचे लेखक. असा माणूस पूर्व विदर्भाच्या गर्द रानात जातो तेव्हा तो पाहुणाच असतो, आणि ‘नागझिरा’ या पुस्तकाचे बळ हेच की, लेखक आपले पाहुणेपण लपवीत नाही. रानात पायी फिरणे, एका जागी तास न् तास बसणे, दिसेल ते टिपणे ही त्याची रीत आहे. विशेषणांचा सोस नाही. प्राणी काय करतो हे आधी येते, त्यावरून लेखकाला काय वाटते हे नंतर, आणि पुष्कळदा येतच नाही. चित्रकाराची नजर या गद्यात आहे. पण ती देखाव्यासाठी चौकट शोधणारी नजर नव्हे, रेघ पकडणारी नजर आहे. मराठीतील प्रवासवर्णनांत निसर्गापुढे जी गदगद होण्याची रूढी आहे तिला या पुस्तकाने दिलेले उत्तर पुरेसे ओळखले गेलेले नाही.

चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे स्थान निराळे. ते सोलापूरचे, म्हणजे तेही बाहेरचेच. पण वनाधिकारी म्हणून ते येथे राहिले, आणि राहणाऱ्याची नजर हळूहळू त्यांच्या गद्यात उतरली. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातील माधवराव पाटील डोंगरवार यांचे व्यक्तिचित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. माधवराव हे तलावाकाठच्याच घराण्यातील, रान आणि पाणी जन्मापासून वाचलेले गृहस्थ. चितमपल्ली त्यांच्याकडे केवळ माहितगार म्हणून पाहत नाहीत. शिष्याने गुरूकडे पाहावे तसे पाहतात. शास्त्रीय शिक्षण घेतलेला अधिकारी आणि रानाचा जुना जाणकार यांच्यातील हे नाते मराठी निसर्गलेखनाच्या इतिहासातील एक वळण मानावे लागते. त्यामुळे लेखकाच्या हाती केवळ दृश्ये नव्हे, शब्द आले. चितमपल्लींनी संस्कृत ग्रंथांतून आणि आदिवासी, शिकारी, मासेमार यांच्या बोलींतून शब्द वेचले. ‘पक्षीकोश’ हे त्याचे एक फळ. बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ ही नावे त्यांच्यामुळे वाचकांत रुळली.

हा केवळ परिभाषेचा प्रश्न नव्हे. कॅनडातील तत्त्वज्ञ ॲलन कार्लसन यांनी १९७९ पासून असे प्रतिपादन केले की, निसर्गाचे यथार्थ सौंदर्यग्रहण त्याच्याविषयीच्या ज्ञानावर अवलंबून असते. संगीताचा घराणेदार आस्वाद रागज्ञानाशिवाय होत नाही, तसा दलदलीचा आस्वाद ती काय आहे हे कळल्याशिवाय होत नाही. कार्लसन यांच्या मनात मुख्यतः निसर्गविज्ञानाचे ज्ञान आहे. चितमपल्लींचे गद्य या सिद्धान्ताला एक जोड देते. ज्ञान प्रयोगशाळेतलेच असावे लागत नाही. ते माधवरावांचेही असते. ज्याला पाणपक्ष्याच्या नुसत्या आवाजावरून पक्षी कळतो त्याला अंधारातला तलावही दिसतो.

अर्थात एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. चितमपल्लींच्या लेखनातील रान हे पुष्कळदा गूढतेच्या प्रकाशात न्हालेले असते. पोटासाठी रानात शिरणाऱ्यांचे कष्ट त्या प्रकाशात मंद दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई असते. ज्या रानाचे सौंदर्य वाचकाला मोहविते ते रान काहींसाठी बंद झालेले रानही असते, हा ताण त्यांच्या गद्यात यावा तितका येत नाही. वनाधिकारी लेखकाकडून ती अपेक्षा करावी काय, हा प्रश्न वेगळा. समीक्षकाने मात्र ती नोंद टाळू नये.

सालेकसा तालुक्यातील कचारगडाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. डोंगरातील प्रचंड गुहा म्हणून पाहुणा तेथे जातो. त्याच्या अनुभवाला बर्कने १७५७ मध्ये वर्णिलेल्या उदात्ताची, म्हणजे भयमिश्रित आनंदाची संज्ञा सहज लागू पडते. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून तेथे येणाऱ्या गोंड समाजाला ती गुहा म्हणजे काली कंकालीच्या लेकरांचे, आपल्या पूर्वजांचे बंदिस्थान; पारी कुपार लिंगोने त्यांना तेथून सोडविले. अंधार तोच, एकाला त्यात आपले क्षुद्रत्व जाणवते, दुसऱ्याला आपली सुटका आठवते. भूदृश्याचे रूप समान असूनही आस्वाद समान नाही, हे दाखविण्यास याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

४

तलावाशी सर्वांत जवळचा संबंध ढिवरांचा. ते मासेमार, जमीन बहुधा नाही, पाणी हीच शेती. त्यांची तलावाची पारख पाळीवरून होत नाही, पाण्यात उतरून होते. स्वच्छ, निळे, मोकळे पाणी पाहुण्याला सुंदर वाटते. ढिवराला ते ओसाड वाटते. त्याला हवा असतो तो काठाशी देवधान असलेला, उथळ भागात पाणवनस्पतींचे गालिचे असलेला, मध्ये खोल डोह असलेला तलाव. कारण मरळ आणि इतर स्थानिक मासे त्या वनस्पतींत अंडी घालतात, पिले तेथे लपतात, पाणपक्षी तेथेच चरतात. सुंदर तलाव आणि जिवंत तलाव यांतील हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. गेल्या काही दशकांत तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर आला, यंत्रांनी सरसकट गाळ उपसण्यात आला, काठांवर बेशरमीची झुडपे माजली, आणि स्थानिक वनस्पतींबरोबर स्थानिक मासेही घटत गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव भागातील ढिवरांना, विशेषतः स्त्रियांना बरोबर घेऊन काही तलावांत बेशरम उपटण्याचे आणि पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. कोणत्या तळात कोणती वनस्पती धरते, कोणत्या वनस्पतीत कोणता मासा येतो, हे जुन्या ढिवरांना ठाऊक होते; त्या ज्ञानावरच हे काम उभे राहिले.

सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने यातील मुद्दा असा. तलावांच्या ‘सुशोभीकरणा’ची कल्पना, म्हणजे दगडी काठ, रंगीत दिवे, बसण्याचे बाक आणि ‘कचरा’ काढलेले मोकळे पाणी, ही कोण्या अज्ञानाची निपज नव्हे. ती एका सौंदर्यदृष्टीचीच निपज आहे. देखाव्याच्या, पाळीवरून पाहण्याच्या दृष्टीची. जे शास्त्र उपयोग आणि सौंदर्य यांना वेगळे करते तेच शास्त्र नकळत या सुशोभीकरणाला आधार पुरविते. ढिवराची पारख उपयोगाची म्हणून वगळली की उरते ती चित्राची पारख, आणि चित्रातल्या पाण्यात गवत नको असते.

कांटचा बचाव करता येतो, हे खरे. हितसंबंधनिरपेक्षता म्हणजे अज्ञान नव्हे. आस्वादाच्या क्षणी स्वार्थ बाजूला ठेवणे एवढाच तिचा अर्थ आहे, असे म्हणता येईल. हा अर्थ स्वीकारला तर मात्र ढिवरालाही तो क्षण नाकारता येत नाही. जाळे काठावर ठेवून, पहाटेच्या धुक्यात कमळपानांवरून धावणाऱ्या पाणपक्ष्याकडे पाहत थांबणारा ढिवर त्या क्षणी मासे मोजत नसतो. फरक इतकाच की, तो काय पाहतो आहे हे त्याला ठाऊक असते.

५

सारसाचे उदाहरण या चर्चेला आणखी एका टोकाला नेते. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे; शेजारच्या भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत त्याची तुरळक नोंद होते. माणसाच्या उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच समजला जातो. परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या परिसरात त्याच्या जोड्या दिसतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हा पक्षी प्रामुख्याने अभयारण्यात राहत नाही. तो धानाच्या बांध्यांत आणि गावतलावांत राहतो, म्हणजे संरक्षित ‘निसर्गा’च्या बाहेर, माणसाच्या कष्टाने घडलेल्या भूमीत.

वाल्मीकीच्या आदिश्लोकाला कारण झालेला क्रौंच म्हणजे सारसच, असा युक्तिवाद ज्युलिया लेस्ली या अभ्यासिकेने १९९८ मध्ये विस्ताराने केला. तो मान्य केल्यास भारतीय काव्याच्या जन्मकथेतला पक्षी आज या जिल्ह्याच्या शेतात उभा आहे असे म्हणावे लागते. त्या कथेत दोन पाहणारे आहेत: बाण मारणारा निषाद आणि शोकातून श्लोक उच्चारणारा ऋषी. ‘ध्वन्यालोका’पासून आपली काव्यमीमांसा ऋषीच्या बाजूने विचार करीत आली, निषाद हा केवळ क्रौर्याचे निमित्त म्हणून उरला. पोटासाठी पाहणारा आणि करुणेने पाहणारा ही विभागणी तेव्हाच झाली, आणि कांट येण्यापूर्वीच आपण ती मनात रुजविली होती.

गोंदियातील धानाच्या बांधीत मात्र ही विभागणी टिकत नाही. सारसाची जोडी पावसाळ्यात उभ्या धानात घरटे करते. धानाची ताटे वाकवून, गवत ओढून ती बरीच मोठी जागा व्यापते. तेवढे धान जाते. घरटे उधळून टाकणे सोपे असते, आणि ते कधी उधळलेही जाते. अंडी नाहीशी झाल्याच्या घटनाही घडल्या आहेत. तरीही अनेक शेतकरी घरट्याभोवतालची बांधी तशीच सोडतात, कुत्री हाकलतात आणि सारसप्रेमी कार्यकर्त्यांना निरोप धाडतात. ज्याचे नुकसान होते तोच येथे राखणदार आहे. या पाहण्याला हितसंबंधनिरपेक्ष म्हणता येत नाही, कारण हितसंबंध चांगलाच शाबूत आहे. आणि उपयोगवादी म्हणता येत नाही, कारण उपयोग काहीच नाही. सारसाची जोडी आपल्या शेतात उतरली म्हणजे साल साजरे जाते, असे म्हणणाऱ्याच्या वाक्यातील ‘साजरे’ या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असा करावा की ‘सुंदर’ असा, हे ठरविणे कोशकारालाही अवघड आहे.

‘निसर्गचित्रण’ या प्रकरणासाठी टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयातील संग्रहांइतकीच मोह, रोवणी आणि तुडूम यांविषयीची झाडीबोलीतील शब्दसामग्रीही चाळावी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे जे संकलन आणि विवेचन केले आहे, त्याचा उपयोग आजवर भाषाशास्त्राच्या पेपरपुरताच झाला. सौंदर्यविचाराचे साधन म्हणून त्याकडे पाहण्यास अजून प्रारंभही झालेला नाही.